मेच्या लग्नाचा ब्लाऊज आणि माझं सिकलसेल: घरच्या घरी शिलाईचा धंदा कसा बसवला

गुढीपाडव्याला आमच्या दारात गुढी उभी राहते आणि माझी मे महिन्याची वही बंद होते. त्यानंतर मे महिन्यातल्या लग्नाचा ब्लाऊज मी घेत नाही. सख्खी मामी आली तरी नाही. कारण ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेलं. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं आतून कोणी पिळावीत तसं दुखतं. लग्नसराई आणि माझं दुखणं एकाच महिन्यात येतं, हे कळायला मला तीन उन्हाळे लागले. त्यातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका नवरीच्या बहिणीचा ब्लाऊज बाह्या न लावता माझ्या मशीनवर पडून होता आणि मी दवाखान्यात सलाईनवर. तिची आई घरी येऊन माझ्या आईला विचारून गेली, "काहून व, तारीख तर तुमच्याच पोरीनं दिली होती ना?"

आईकडे उत्तर नव्हतं. तारीख मीच दिली होती, आणि चांगल्या दिवशी दिली होती.

आजार असताना स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच होते. आपण हिशेब चांगल्या दिवसाचा करतो. त्या दिवशी वाटतं, रोज तीन ब्लाऊज सहज निघतील. म्हणून भांडवल, मशीन, कर्ज यांच्या आधी एक वही घ्या. मी वर्षभर रोज रात्री एकच ओळ लिहिली: आज किती तास बसले. दुखलं की किती दुखलं ते लिहीत बसले नाही, ते वाचून उगाच रडू येतं. फक्त तास. वर्षाअखेर बेरीज केली तेव्हा 212 दिवस मी चार तास बसले होते, 96 दिवस कसेबसे दोन तास, आणि 57 दिवस मशीनला हातच नव्हता. त्या 57 पैकी 19 दिवस दवाखान्यात. म्हणजे वर्षाचे 1040 तास. माझं दुकान एवढंच. ते वाढवण्याच्या भानगडीत पडले की 57 चे 80 होतात, हेही वहीनेच दाखवलं.

मग दर काढला. मला महिन्याला दहा हजार सुटायला हवे होते, म्हणजे वर्षाला 1,20,000. त्याला 1040 ने भागलं की तासाला साधारण 115 रुपये. तेव्हा मी अस्तराचा ब्लाऊज 200 रुपयांत शिवत होते. अस्तर, दोरा, हुक, वीज मिळून 85 जायचे, उरलेले 115 अडीच तासांचे. तासाला 46 रुपये! गावातल्या ताया-वहिनी "तू घरीच तर असतेस" म्हणून दर पाडून मागतात आणि आपण लाजेने मान्य करतो. आजारी माणसाने तर अजिबात मान्य करू नये, कारण त्याचे तास मुळात कमी आहेत. मी दर 350 केला. चार गिऱ्हाईकं गेली, त्यातली दोन परत आली.

पण खरी गंमत पुढे आहे. ब्लाऊज ढिला करून देणं, बाही कमी करणं, ड्रेसची बाजू दाबणं ही कामं मी आधी फुकटात करायची, शेजारधर्म म्हणून. एका कामाला पंधरा मिनिटं आणि 50 रुपये धरले तर तासाला 200 होतात. आणि हे काम मधे कुठेही सोडता येतं. उसवलेला ब्लाऊज चार दिवस पडून राहिला तर कोणाचं लग्न मोडत नाही.

काम निवडताना ही कसोटी लावा: मधेच हात थांबला तर काय नासतं? माझ्या मोठ्या वहिनीने डबे सुरू कर म्हणून फार आग्रह केला होता, स्वयंपाक माझा बरा आहे. पण पोळ्या दुपारी बाराला लागतात म्हणजे लागतातच. कापड वाट बघतं. शिकवण्या, खाद्यपदार्थ, पार्लर यात ठरलेल्या वेळेला उभं राहावं लागतं. फॉल-पिको, दुरुस्ती, हिशेब लिहिणं, टायपिंग यात वेळ थोडी तुमच्या हातात राहते. तुमचं दुखणं माझ्यासारखं नसेल. रोज सारखंच असणारं अपंगत्व आणि लहर लागली की उठणारा आजार यांचं गणित वेगळं. पहिल्यात जागा आणि साधनं बदलावी लागतात, दुसऱ्यात तारखा. मला दोन्ही बदलावं लागलं, कारण डाव्या खुब्याचं हाड सिकलसेलमुळेच झिजलं आहे.

जागेचं आधी सांगते. आजीची पायमशीन होती, तिला मोटर बसवून घेतली, दीड-दोन हजारांत काम झालं. पेडल उजव्या पायाखाली घेतलं. खुर्ची टेबलाच्या मानाने पुरेशी उंच नसेल तर खांदे वर उचलून शिवावं लागतं आणि रात्री पाठ बोलते. मी खुर्चीच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकून घेतले. कापणी जमिनीवर बसून करत होते ती बंद केली, आता जुन्या पलंगाच्या फळीवर उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून करते. कूलर समोर ठेवू नका, म्हणजे मी तरी ठेवत नाही. गार हवेचा झोत थेट अंगावर आला की माझे हात धरतात, म्हणून तो शेजारच्या खोलीच्या दारात असतो. उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते दहा बसते, थंडीत दहानंतर, आणि हुक-काजं अंगणात उन्हात. पाण्याचं भान राहत नव्हतं, गिऱ्हाईक गप्पा मारत बसलं की दुपार व्हायची. आता नियम असा की बॉबिन संपली की ग्लासभर पाणी. बॉबिन विसरता येत नाही.

गिऱ्हाईकाशी वागण्याचे माझे तीनच नियम आहेत. पहिला: निम्मे पैसे आधी. दुसरा: चिठ्ठी. नाव, माप, दर, तारीख, आणि खाली छापलेली ओळ, "तब्येतीमुळे उशीर होऊ शकतो, तसं तीन दिवस आधी कळवू." तिसरा नियम गिऱ्हाईकाला दिसत नाही. प्रत्येक कामाला दोन तारखा असतात. समारंभाच्या किमान पंधरा दिवस आधीची तारीख चिठ्ठीवर, आणि तिच्याही चार दिवस आधीची माझ्या वहीत. मी काम करते ते वहीच्या तारखेने.

आजाराचं नाव सांगावं का, हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. मी "तब्येत" एवढंच म्हणते. सिकलसेल आईबापाकडून येतं, लागत नाही, तरी आमच्या गल्लीत एकीने माझ्याकडचं कापड गरम पाण्यातून काढलं होतं. शिवाय घरात लग्नाच्या बहिणी असतील तर नाव सांगण्याचे पडसाद वेगळेच. कोणाला सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण उशीर होऊ शकतो हे सगळ्यांना सांगा. लपवायचंच तर आजाराचं नाव लपवा. उशीर लपवला की धंदा बुडतो.

जोडीदार शोधा. माझ्या समोरच्या गल्लीत एक ताई शिवतात. मी पडले तर माझं काम त्यांच्याकडे जातं, शिलाईचे सत्तर टक्के त्यांचे, तीस माझे. त्या माहेरी गेल्या की उलट. हे चालायचं असेल तर तुमची वही दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. पूर्वी मी मुंढ्याचं माप खुणेनं लिहायची, ते मलाच कळायचं. आता नेहमीच्या गिऱ्हाइकांचं पेपर कटिंग करून पाकिटात ठेवते, वर नाव आणि गळ्याचं चित्र. गेल्या डिसेंबरात पाच दिवस भरती होते. ताईंनी पाकिटं काढून चार ब्लाऊज शिवले, एकीलाही फरक कळला नाही.

आता कागद. इथे क्रम चुकला की पैसे जातात. माझे गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, रक्ताचे आजार त्यात नव्हते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सनही आहेत. तुमचा आजार यादीत नावाने नसला तरी त्याने हात, पाय, नजर यांवर परिणाम झाला असेल तर त्या सदरात तपासणी मागता येते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. मी चंद्रपूरला गेले तेव्हा डॉक्टरांनी सिकलसेल दाखवणारा रक्ताचा एचपीएलसी रिपोर्ट तर बघितलाच, पण आधी मागितले ते भरतीचे आणि रक्त चढवल्याचे कागद. माझे अर्धे कागद पावसाळ्यात भिजून गेले होते, दुसऱ्यांदा जावं लागलं. डिस्चार्ज कार्ड रेशन कार्डासारखं जपा. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात. नुसते वाहक असलेल्यांना, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आला पण आजार नाही अशांना, हे प्रमाणपत्र मिळत नाही. आणि त्यावर मुदत लिहिली असेल तर ती संपायच्या आधी नूतनीकरणाला लागा.

दुसरं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद. पण अनुदानाचं कर्ज हवं असेल तर ती करण्याआधी खालचं तिसरं वाचा. आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर होते, फुकट होते. माझ्याकडून एकाने याचे 1,500 रुपये घेतले, वर "सरकारी फी" म्हणाला. अर्जात दिव्यांग आहात का असा रकाना असतो, तो भरा. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानांच्या कायद्याचं म्हणाल तर धंदा एकटीचा किंवा मोजक्या कामगारांचा असेल तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाण्याचे पदार्थ करणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, छोट्या धंद्यांसाठी साधी नोंदणी आहे.

तिसरं कर्ज, आणि इथेच माझी चूक झाली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, दिव्यांगांना स्वतःचे फक्त पाच टक्के घालावे लागतात, सर्वसाधारण गटाला दहा. दिव्यांगांना अनुदान शहरी भागात 25 टक्के, ग्रामीण भागात 35. ऐकायला सुंदर. पण ते नव्या उद्योगालाच मिळतं. मी आधी मशीन मांडली, नोंदणी केली, मग अर्ज घेऊन गेले, तर धंदा चालू आहे म्हणून परत. तुम्ही अजून सुरू केलं नसेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, मग दुकान मांडा. दुसरं असं की अनुदानाची रक्कम हातात येत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि युनिट चालू राहिलं तर कर्जात वळती होते. मधल्या काळात दोन महिने अंथरुणाला खिळलात तरी हप्ता थांबत नाही.

मला शेवटी केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेतलं सगळ्यात छोटं, शिशु कर्ज मिळालं. त्याची मर्यादा 50 हजार, तारण लागत नाही. मी 30 हजारच घेतले, पिको मशीनपुरते. बँकेतला माणूस "50 घ्या ना" म्हणत होता. मी वही काढली. माझ्या सगळ्यात वाईट महिन्यात 2,100 रुपये मिळाले होते. हप्ता त्यातून निघाला पाहिजे, चांगल्या महिन्यातून नाही. दिव्यांगांसाठी राज्याचं वेगळं वित्त व विकास महामंडळ आहे, तिथेही 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर कर्ज मिळतं. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. त्यातून काही ठिकाणी शिलाई मशीन देतात, काही ठिकाणी रोख. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी तीन वर्षं विचारलंच नाही.

संजय गांधी निराधारचं मानधन घेत असाल तर मात्र आधी तहसीलला जाऊन उत्पन्नाची मर्यादा विचारून घ्या. धंद्याच्या पहिल्या वर्षात मानधन गेलं आणि धंदाही बसला नाही, तर दोन्हीकडून हात रिकामे.

पैशाचं एक आणखी. शंभर आले की वीस रुपये पिठाच्या डब्यामागच्या डब्यात जातात. आई त्याला "पडझडीचा डबा" म्हणते. सिकलसेलच्या हायड्रॉक्सीयुरिया गोळ्या मला सरकारी दवाखान्यातून मिळतात, पण तिकडे जाण्याचा एक दिवस, सोबतीला येणाऱ्या भावाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेलं सलाईनचं साहित्य, हे त्या डब्यातून. ताप आला की मी वाट बघत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठते. डबा नव्हता तेव्हा बघायची.

परवा पाडवा झाला. संध्याकाळी गल्लीतली काकू दोन साड्या घेऊन आली, 9 मेला पुतणीची हळद. ब्लाऊज नाही म्हटलं, समोरच्या ताईंकडे पाठवला. फॉल-पिको ठेवून घेतलं. चिठ्ठीवर लिहिलं 20 एप्रिल, वहीत 16.