बजीचा पिंजरा: पक्षी घरी यायच्या आधी काय काय करून ठेवायचं

दुकानात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा बजी असतो. बजी म्हणजे बजरीगार हा छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा, खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. (आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बजीला ती बंदी नाही.) पक्ष्यासोबत जो फूटभर लांबीचा पिंजरा, दोन प्लास्टिकच्या दांड्या, आरसा आणि मडकं हातात देतात, त्यातलं जवळपास सगळं बदलावं लागतं. म्हणून पिंजरा आधी लावा आणि पक्षी मग आणा.

एका बजीला कमीत कमी २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच पिंजरा हवा. जोडीला लांबी ३० इंच तरी घ्या. बजी आडवा उडतो, खालून वर नाही. त्यामुळे उंच आणि चिंचोळा पिंजरा कितीही देखणा दिसला तरी त्याच्या कामाचा नाही. गोल पिंजरा तर नकोच. दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, कारण बजी चोचीने गज धरून चढतो. वर सरकवायची दारं तो चोचीने उचलायला पटकन शिकतो, तेव्हा प्रत्येक दाराला क्लिप लावा.

जाळी गॅल्वनाइज्ड असेल तर तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. गज चावताना ते पोटात गेलं तर विषबाधा होते. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन ताठ ब्रशने सगळी जाळी घासा, सांध्यांवरचे ओघळ आणि पांढरी पूड निघेपर्यंत. मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. मुलाम्याचे किंवा रंगाचे पोपडे निघत असतील तर तो पिंजरा घेऊच नका.

आता दांड्या. यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण बजी झोपेतसुद्धा पायांवरच असतो. प्लास्टिकची एकसारखी गुळगुळीत दांडी असेल तर तळव्याच्या त्याच त्या जागी भार पडत राहतो. तिथली कातडी आधी लाल आणि चकचकीत होते, मग सुजते, पुढे जखम होते. दांडीवर चढवायचं सॅंडपेपरचं आवरणही नको. त्याने नखं घासली जात नाहीत, तळवे मात्र सोलतात. पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी घ्या, औषध न फवारलेल्या झाडाची. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही नको. जाडी करंगळीपासून अंगठ्यापर्यंत कमी-जास्त असू द्या. बोटांचा विळखा पाऊणएक भाग भरतो पण पुढची-मागची नखं एकमेकांना भिडत नाहीत, ती जाडी बरोबर. फांदी गरम पाण्यात घासून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. साल काढू नका, ती सोलण्यात त्याचा वेळ छान जातो. टोकाला ड्रिलने भोक पाडून स्टीलचा स्क्रू आणि बाहेरून मोठा वॉशर लावला की फांदी गजाला पक्की बसते. बाइंडिंग वायरची टोकं पायात घुसतात, म्हणून ती वापरू नका.

तीन फांद्या पुरतात. दोन समोरासमोरच्या टोकांना ठेवा, म्हणजे मधे उडायला मोकळी जागा राहते. तिसरी सगळ्यात वर, कारण तो झोपायला तिथेच जाणार. मागच्या जाळीपासून ती पाच इंच तरी लांब हवी, नाहीतर शेपटीची पिसं घासून झिजतात. फांदीच्या खाली वाटी कधीच ठेवू नका. विष्ठा थेट पाण्यात पडते आणि तेच पाणी तो पितो.

दाणा आणि पाणी यांच्या वाट्या स्टीलच्या घ्या. त्या फांदीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर अडकवा. एका पक्ष्याला दिवसाला दीड ते दोन चमचे दाणा पुरतो: राळे, वरी, थोडी बाजरी. सूर्यफुलाच्या बिया तेलकट असतात, त्या बक्षीस म्हणूनच. बजी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. वरवर पाहिलं तर वाटी भरलेली दिसते आणि आत एक दाणाही नसतो. वाटी भरली म्हणून निश्चिंत राहिल्याने पक्षी उपाशी मरतात. रोज सकाळी टरफलं फुंकून टाका आणि बोटाने तळ चाचपून बघा. पावसाळ्यात दाणा थोडाथोडाच आणा. कुबट वास आला तर फेकून द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा तुकडा, मऊ बाजू आत करून, गजाला अडकवा. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला धुऊन द्या आणि दोन-तीन तासांत उरलेलं काढा. अव्होकाडो आणि चॉकलेट मुळीच नको.

मडकं काढून टाका. ते अंडी घालण्यासाठी असतं. एकटी मादीसुद्धा ते पाहून अंड्यावर येते, आणि अंडं आत अडकलं तर जिवावर बेततं. आरसाही नको, एकटा बजी त्यातल्या पक्ष्यात गुंतून पडतो. तळाला साधं वर्तमानपत्र घालून रोज बदला. भुसा नको, त्याची धूळ श्वासात जाते.

जागा स्वयंपाकघरापासून लांबची हवी. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा वायू काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेतो. डासांची कॉइल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर त्या खोलीत नको. पिंजरा तुमच्या छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवा; चारही बाजू उघड्या असल्या की तो सतत धास्तावलेला राहतो. सकाळचं कोवळं ऊन चालेल, पण अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवीच. उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसला तर त्याला लगेच गार जागी न्या. बाल्कनीत एकटा सोडू नका, कावळे आणि मांजर जाळीबाहेरूनही पाय ओढतात. मुंग्या येत असतील तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. रात्री तीन बाजू सुती कापडाने झाका, दहा-बारा तास झोप मिळू द्या आणि अगदी मंद दिवा राहू द्या. मिट्ट काळोखात दचकला तर तो गजांवर आपटून पंख मोडून घेतो.

पहिले दोन-तीन दिवस हात आत घालू नका, फक्त दाणा-पाणी बदला. दुकानात जो दाणा खात होता तोच आठवडाभर द्या, नवीन हळूहळू मिसळा. नव्या पक्ष्याला कधीकधी वाटी ओळखता येत नाही, म्हणून चमचाभर दाणा तळाच्या कागदावरही पसरा. संध्याकाळी कागद पाहा: गडद हिरव्या गुंडाळीवर पांढरा ठिपका अशी विष्ठा जागोजागी दिसली की तो खातोय. दुसऱ्या दिवशीही जेमतेम चार-सहा पातळ, हिरवट डाग असतील आणि तो पिसं फुगवून बसला असेल, तर त्याच दिवशी पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.