गेमचे रिव्ह्यू वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

एखाद्या गेमला सगळीकडे उत्तम गुण मिळालेले असतात, आपण तो हौसेने विकत घेतो आणि चार-पाच तासांत कंटाळून बंद करतो. कधी याच्या नेमके उलटही घडते : ज्या गेमला बहुतेकांनी नावे ठेवलेली असतात, त्यात आपण महिनाभर रमतो. अशा वेळी ‘परीक्षक विकले गेले असावेत’ किंवा ‘आपल्यालाच काही कळत नसावे’ यांपैकी एका निष्कर्षावर वाचक चटकन येतो. बहुतेक वेळा यांतले काहीच खरे नसते. परीक्षकाने त्या गेमकडून काय मागितले होते आणि आपण काय मागत होतो, याचा मेळ न घालताच आपण त्याचे मत उसने घेतलेले असते, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तेथूनच सुरू होतात.

आकड्यालाच मत समजणे

मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या प्रकाशनांनी दिलेले गुण शंभराच्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढते. म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला इतरांपेक्षा अधिक वजन मिळते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरची टक्केवारी ही गोष्टच निराळी आहे. तेथे खेळाडूला गुण द्यायचेच नसतात. गेमची शिफारस करतो किंवा करत नाही, एवढेच सांगायचे असते. त्यामुळे तेथील ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत, तर शंभरांतील नव्वद जणांचा होकार. ज्या गेमला सगळेच ‘बरा आहे’ म्हणतात, पण जो कोणाच्याही मनात घर करत नाही, त्याची टक्केवारी ९५ असू शकते. उलट ज्या गेमने ६५ जणांना अक्षरशः वेड लावले, पण उरलेल्या ३५ जणांना जो अजिबात मानवला नाही, त्याच्यावर ‘संमिश्र’ असा शिक्का बसतो, कारण ४० ते ६९ टक्क्यांच्या पट्ट्याला स्टीम तेच नाव देते. तुम्ही त्या ६५ जणांतले असाल, तर तुमच्यासाठी दुसरा गेम पहिल्याहून कितीतरी मोलाचा आहे.

म्हणून संमिश्र शेरा दिसताच गेमवर काट मारू नका. आधी नकारात्मक रिव्ह्यू उघडा आणि नकाराचे कारण काय दिले आहे ते पाहा. ‘संवाद फार, लढाई कमी’ ही तक्रार संवादांसाठीच गेम खेळणाऱ्याला शिफारशीसारखी वाचता येते.

आकड्याच्या या मोहातून गेम बनवणारेही सुटलेले नाहीत. २०१० सालच्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’च्या निर्मात्या संघाला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता आणि गेम ८४ वर थांबला, असे त्या संघातील एका वरिष्ठ सदस्याने २०१२ साली जाहीरपणे सांगितले होते. एका गुणाच्या फरकाने गेम खेळण्याचा अनुभव कसा बदलतो, हे मला आजही कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

प्रत्येक तक्रार म्हणजे गेमचा दोष असे धरणे

‘डेथ स्ट्रँडिंग’ २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हा परीक्षकांत उघड दोन तट पडले. या गेममध्ये पाठीवर खोक्यांची उतरंड लादून उजाड प्रदेशातून चालत जायचे असते. भार एका बाजूला कलला, की कंट्रोलरची मागची दोन बटणे दाबून तोल सावरावा लागतो. नदीत पाय घसरला, तर सामान प्रवाहाबरोबर वाहून जाते. हे वर्णन दोन्ही तटांच्या परीक्षणांत सारखेच होते. एकाने त्यालाच कंटाळवाणी हमाली म्हटले, तर दुसऱ्याला त्याच चालण्यात डोंगर पार केल्याचे समाधान मिळाले. म्हणजे निरीक्षणाबद्दल वाद नव्हताच. चालणे हाच गेमचा गाभा असू शकतो, हे मान्य करायला कोण तयार होता, एवढाच प्रश्न होता.

परीक्षण वाचताना म्हणूनच वर्णन आणि निवाडा वेगवेगळे करण्याची सवय लावून घ्या. ‘पहिले दहा तास गेम काहीच नीट समजावत नाही’ हे वर्णन आहे आणि ‘त्यामुळे तो फसला आहे’ हा निवाडा आहे. वर्णन जवळ ठेवा, निवाडा स्वतः करा.

मात्र प्रत्येक अपेक्षाभंग हा केवळ आवडीनिवडीचा मामला असतो, असेही नाही. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, तेव्हा दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी पोहोचले आणि तरीही एकमेकांना दिसले नाहीत. इतर खेळाडू भेटू शकतील, असे त्याआधीच्या मुलाखतींत सांगितले गेले होते. दुसरीकडे, स्टीमवरची या गेमची जाहिरात दिशाभूल करणारी नाही, असा निर्णय ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्याच वर्षी दिला. खेळाडूंच्या रागात दिलेल्या शब्दाचा भाग किती आणि दोन-तीन वर्षे ट्रेलर पाहून मनात रचलेल्या गेमचा भाग किती, हे वेगळे करणारी परीक्षणे त्या वेळी फार थोडी लिहिली गेली, आणि खरी गरज त्यांचीच होती. जुलै २०१८ मधील ‘नेक्स्ट’ या मोठ्या अपडेटनंतर खेळाडूंना एकमेकांसोबत खऱ्या अर्थाने खेळता येऊ लागले, तेव्हा २०१६ मधले कित्येक रिव्ह्यू त्यांच्या काळापुरते खरे ठरून मागे पडले.

तारीख आणि मशीन न पाहणे

‘सायबरपंक २०७७’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. डिसेंबर २०२० मध्ये गेम येण्याआधी परीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत मिळाली होती. ती परीक्षणे वाचून प्लेस्टेशन ४ या सोनीच्या जुन्या मशीनसाठी गेम घेणाऱ्यांच्या पदरी इतका बिघडलेला गेम पडला, की सोनीने तो त्याच महिन्यात आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. पीसीवर खेळलेल्या परीक्षकांनी स्वतःचा अनुभव सांगितला होता, पण तो दुसऱ्या मशीनचा अनुभव होता. ‘एल्डन रिंग’च्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात घडले : फेब्रुवारी २०२२ मध्ये परीक्षक त्याच्यावर गुणांची उधळण करत असताना, पीसीवर गेम अडखळत चालत असल्यामुळे स्टीमवर सुरुवातीला संमिश्र शेरा दिसत होता.

आपल्याकडे जे मशीन आहे, त्यावर खेळलेल्याचेच मत शोधा. स्टीमवर गेल्या ३० दिवसांतील रिव्ह्यू वेगळे दाखवले जातात. जुना गेम घेताना एकूण टक्केवारीआधी ते वाचा.

रिव्ह्यूंच्या लोंढ्यात वाहून जाणे

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जून २०२० रोजी आला. वीसहून अधिक तासांचा हा गेम, पण त्यावर नकारात्मक मतांचा पाऊस पहिल्या काही तासांतच सुरू झाला. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नव्या गेमवर वापरकर्त्यांना मत नोंदवण्यासाठी ३६ तास थांबण्याची अट घातली. परंतु लोंढा दिसला, की तो खोटाच असतो, हा समजही चूक आहे. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ पीसीवर खेळण्यासाठीही सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते सक्तीचे होणार असे जाहीर झाले, तेव्हा दोन लाखांहून अधिक नकारात्मक रिव्ह्यू पडले. हे नेटवर्क जेथे उपलब्धच नव्हते, अशा अनेक देशांतील खेळाडूंचा गेमच हातातून जाणार होता. काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. त्या रिव्ह्यूंतून लढाई कशी आहे हे कळत नव्हते, पण त्यामागची तक्रार खरी होती.

स्वतः लिहिताना

‘कंट्रोल वाईट आहेत’ या वाक्याचा वाचणाऱ्याला काहीही उपयोग नाही. ‘उडीचे बटण दाबल्यावर पात्र क्षणभर थांबून उडते, त्यामुळे अरुंद फळ्यांवरून जाताना मी वारंवार पडलो, लढाईत मात्र हा उशीर जाणवला नाही’ असे लिहिले, तर ज्याला फळ्यांवरच्या उड्या आवडत नाहीत, त्याला आपला निर्णय तुमच्याशी सहमत न होताही घेता येतो. किती तास खेळलात, कोणत्या मशीनवर आणि कोणत्या काठिण्य पातळीवर, हे सुरुवातीलाच सांगा. त्यापुढे एक वाक्य आणखी जोडा, जे बहुतेक जण वगळतात : हा गेम कसा असेल असे समजून तुम्ही तो विकत घेतला होता. या मालिकेतले आधीचे भाग तुम्ही खेळला आहात का, की केवळ ट्रेलर पाहून आलात, हे कळल्याशिवाय तुमची निराशा वाचकाला लागू पडेल की नाही, हे त्याला ठरवता येत नाही.

आणि अपडेटनंतर गेम सुधारला किंवा बिघडला, तर जुना रिव्ह्यू पुसू नका. स्टीमवर तो संपादित करता येतो. जुना मजकूर तसाच ठेवून त्याखाली तारीख घाला आणि काय बदलले तेवढे लिहा.