खान्देशातून इंग्लंडात नवीन आलात? आधी हात सांभाळा

घर, बँक, डॉक्टर यांबद्दल सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. हातवाऱ्यांबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. आपण जळगाव-धुळ्याकडची माणसं हातानेच जास्त बोलतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा सौदा ठरवणाऱ्यांची लेकरं आपण. इथे तो हात आवरावा लागतो.

भाऊ, ताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: 'दोन' दाखवताना हाताची पाठ समोरच्याकडे करू नका. भुसावळच्या फलाटावर लांबून दोन चहा सांगतो, तशी तर्जनी आणि मधलं बोट वर करून तळवा आपल्याकडे ठेवला, की इथे ती सरळ शिवी होते. शिरपूरकडचा एक मुलगा गोदामात नवाच लागला होता. दोन पॅलेट आण म्हणून त्याने फोर्कलिफ्टवाल्याला अशीच बोटं दाखवली, वर दोन-तीनदा हलवली. तक्रार झाली आणि प्रोबेशनमध्येच काम गेलं. तिथे आपली जुनी माणसं होती. एकानेही त्याला आधी सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो. इंग्रज तोंडावर भांडत नाही, पण विसरतही नाही. दोन हवे असतील तर तळवा समोर करा, नाहीतर तोंडाने सांगा.

ही शिवी आली कुठून? १४१५ च्या आजिंकूरच्या लढाईत फ्रेंच लोक इंग्रज तिरंदाजांची बोटं कापायची धमकी देत, म्हणून तिरंदाज बोटं दाखवून डिवचत, ही गोष्ट तुम्हाला पबमध्ये ऐकवतील. त्या काळचा पुरावा तिला नाही. १९०१ मध्ये रॉदरहॅमजवळच्या लोखंडाच्या कारखान्याबाहेर घेतलेल्या चित्रफितीत मात्र एक कामगार कॅमेऱ्याला हीच खूण करताना दिसतो.

तळवा समोर असला की तीच बोटं विजयाची. जानेवारी १९४१ मध्ये बेल्जियमच्या व्हिक्टर द लाव्हेले यांनी बीबीसीवरून 'व्ही' हे अक्षर जर्मनांविरुद्धची खूण म्हणून सुचवलं. पुढे चर्चिलनी ते बोटांनी जगभर पोचवलं. सुरुवातीला तेही कधी कधी हात उलटा धरत. १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला मोटारीतून उलटा हात दाखवला, त्याचीही बातमी झाली. एवढ्या मोठ्या माणसाला सल्लागार असून कळलं नाही, तर तुम्ही लाजू नका. फक्त शिकून घ्या.

अंगठ्याचं उलट आहे. आपल्याकडे अंगठा नाचवला की ठेंगा, इथे 'ठीक आहे'. बिनधास्त दाखवा. बोटांच्या पेरांवर हिशेब केलात तर दुकानदाराला काही कळणार नाही.

इथे फक्त इंग्रज राहत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. शेजारी ग्रीक असेल तर 'पाच' दाखवायला बोटं फाकवून पंजा त्याच्या तोंडासमोर नेऊ नका. त्यांच्यात तो 'मुत्झा', मोठा अपमान. बायझंटाइन काळी गुन्हेगाराच्या तोंडाला काजळी फासत, त्यातून तो आला असं मानतात.

नमस्कार मात्र सोडू नका. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, तेव्हाचे युवराज चार्ल्स लंडनमध्ये लोकांना हात जोडून भेटत होते. आई-अण्णा पाहुणे आले तर त्यांना हस्तांदोलनाची सक्ती करू नका. हात जोडलेले इथे सगळ्यांना समजतात. त्यांना बसचं तेवढं शिकवा: थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर पुष्कळदा बस निघून जाते. हात आडवा बाहेर काढायचा, बोटं मिटलेली.