सातबाऱ्यावर मुलीचे नाव कसे लावून घ्यावे

वडील वारले की सातबाऱ्यावर आई आणि भाऊ यांची नावे चढतात, आणि बहिणीची सही मात्र हक्कसोडपत्रावर घेतली जाते. लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा, असे त्याचे समर्थन केले जाते. पण लग्नखर्चाने वारसाहक्क संपतो अशी तरतूद कायद्यात कुठेही नाही. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्माने सहहिस्सेदार ठरली आहे आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप या दुरुस्तीमुळे उलटत नाही. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, दोन भाऊ व एक बहीण असे वारस असताना प्रत्येकास चौथा हिस्सा मिळतो. (अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही.)

वारस नोंदीचा अर्ज भावानेच करावा असे नाही. बहीणही तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करू शकते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, नाती व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र द्यावे. अर्ज भावाने आधीच केला असेल, तर त्या प्रतिज्ञापत्राची नक्कल मागून वाचावी, कारण बहिणीचे नाव बहुधा तिथेच गळालेले असते. फेरफार नोंदीची, म्हणजे सातबाऱ्यावरील नावांच्या बदलाची, नोटीस निघाली की पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी हरकतही कायद्याने नोंदवून घ्यावी लागते, पण पोच नसेल तर ती पुढे सिद्ध करणे अवघड जाते. नोंद तरीही मंजूर झाली, तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

नोंद मंजूर झाल्यावर सातबारा नीट पाहावा. बहिणीचे नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात न लिहिता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकण्याची जुनी खोड अनेक ठिकाणी आढळते. नाव दिसते म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण त्या रकान्यातील नावाला सहखातेदाराचे स्थान मिळत नाही. म्हणून दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा.

खरी लढाई हक्कसोडपत्राची असते. माहेर तुटेल या धास्तीने, ‘बँकेच्या कर्जासाठी एक सही हवी’ एवढ्याच सांगण्यावरून, बहिणी दुय्यम निबंधकासमोर उभ्या राहतात. दस्त स्वतः वाचल्याशिवाय किंवा विश्वासू माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. विचारास वेळ मागितल्याने नाते तुटत असेल, तर ते आधीच जमिनीपुरते उरलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत दस्त फसवणुकीने झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो.

फेरफार नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष हिस्सा वेगळा हवा असेल आणि सर्वांची संमती असेल, तर तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा. संमती नसेल, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करावा. वकिलाच्या खर्चासाठी अडून राहू नये, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.