मागच्या अंगणात काँक्रीट की फरशी? या चुका टाळा

घराचं काम संपत आलं की गवंडी उरलेल्या खडीकडे बघून म्हणतो, "काका, मागं कोबा मारून टाकू का?" काका हो म्हणतात आणि अंगणाचा निकाल लागतो. खाली माती कोणती, पाणी कुठे जाणार, ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय, हे कोणी विचारत नाही. काँक्रीट, पेव्हर ब्लॉक की शहाबादी हे दर चौरस फुटाच्या भावावरून ठरवलं जातं. मला विचाराल तर ते मातीवरून ठरवावं.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांत अंगणाखाली बहुतेकदा तीच असते. तिच्यावर थेट ओतलेलं चार इंची काँक्रीट फुटणारच, त्यात सिमेंट कमी पडलं म्हणून गवंड्याशी भांडण्यात अर्थ नाही. माती काढून मुरूम भरायचा आणि तोही एका दमात नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मसने चोपायचं. काळीचा थर खोल असेल आणि सगळी काढणं परवडणार नसेल, तर पेव्हर बरे. पेव्हर खचले की तेवढेच उचलून, खालचा मुरूम नीट करून पुन्हा बसवता येतात. काँक्रीट खचलं की ब्रेकर आणावा लागतो. जमीन मुरमाड किंवा खडकाळ असेल तर मात्र काँक्रीटला तोड नाही.

काँक्रीट बदनाम होतं ते बहुतेक वेळा ओतण्याच्या पद्धतीमुळे. माल हलवायला सोपा जावा म्हणून बादल्याच्या बादल्या पाणी घालतात. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटच्या मालात ५० किलोच्या गोणीला ३० लिटर ही पाण्याची वरची मर्यादा समजा. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पाणी जास्त झालं की ते वर सुटतं, ते आटवायला कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि गुरमाळ्याने घोटून चकाचक करतात. दिसायला झकास, पण त्या थराला केसासारखे तडे जातात, पुढे पापुद्रेही सुटतात आणि पावसात त्यावर पाय घसरतो. अंगण घोटायचंच नाही. वरचं पाणी आपोआप आटू द्यायचं, मग ओल्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या.

दुसरं, सांधे, म्हणजे काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या खाचा. काँक्रीट वाळताना आक्रसणारच; तडा कुठे जावा एवढंच आपल्या हातात असतं. चार इंची जाडीला आठ-दहा फुटांवर सांधा हवा आणि तो किमान एक इंच खोल. दहा बाय बाराच्या अंगणाचे पाच बाय सहाचे चार चौकोन पाडले की काम झालं. (एवढ्या अंगणाला ४० घनफूट माल लागतो, म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासने ०.४ ब्रास. 'एक ब्रास लागेल' म्हणणाऱ्याकडून हिशोब लिहून घ्या.) कटरने सांधा कापायचा तर साधारण दुसऱ्या दिवसाच्या आत, तडे गेल्यावर कापून फायदा नाही. भिंतीला लागून जाड थर्माकोलची पट्टी ठेवा. आणि पाणी किमान सात दिवस. आजकालच्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किंवा एप्रिल-मेच्या उन्हात दहा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं पुरत नाही. ओलं गोणपाट अंथरा, नाहीतर आळी बांधून पाणी साठवा.

उतार सगळेच विसरतात. दहा फुटांना सव्वा ते दोन इंच ढाळ, घरापासून बाहेरच्या बाजूला. अंगणाची पातळी जोत्याच्या निदान सहा इंच खाली हवी, नाहीतर पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरते आणि मग लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतात. पाणी साचणाऱ्या खळग्यात सिमेंट-वाळूचा अर्धा इंची थर ओढून भागवू नका. तो पोकळ वाजायला लागतो आणि सुटतो. उथळ खळगा असेल तर तिथून बाहेरपर्यंत कटरने पन्हळ काढणं जास्त टिकतं.

पेव्हर घेतलात तर चालण्यापुरत्या अंगणाला ५० मिमी जाडी चालते, गाडी उभी राहणार असेल तर ६० च्या खाली जाऊ नका. कडेला काँक्रीटचा कर्ब नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, मधल्या फटी रुंदावतात आणि त्यात गवत उगवतं. खड्डा पडला की खालच्या वाळूला दोष देतात, पण खरी कमी असते ती मुरमाच्या चोपणीत. वाळूचा थर दीड इंचापेक्षा जाड करून ती भरून निघत नाही.

कोकणात पाऊसच एवढा की कोणत्याही पृष्ठभागावर शेवाळ धरतं. तिथे पॉलिश ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल म्हणजे हात-पाय मोडण्याची सोय. जांभ्याचे चिरे किंवा खरखरीत काँक्रीट घ्या आणि पावसाळ्यात अधूनमधून ब्रशने घासा.

शहाबादी मला मनापासून आवडते, पण घराच्या आत वापरतात ती पॉलिश केलेली बाहेर नको, खडबडीत घ्या. पापुद्रे दिसणारी लादी परत करा. फरशी मालाच्या गोळ्यांवर टेकवून बसवली की मध्ये पोकळी राहते आणि जड कुंडी ठेवताच ती तडकते, म्हणून खाली पूर्ण थर हवा. सिमेंटचे डाग काढायला ॲसिड टाकू नका. शहाबादी, तांदूर, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडने त्यांचा पृष्ठभागच खाल्ला जातो. डाग ओला असतानाच पुसून घ्यायचा, वाळला तर पटाशीने हलक्या हाताने खरवडायचा.