पेडल विकत घेण्याआधी बेसवरचे नॉब ओळखा

पॅसिव्ह बेस गिटार बॅटरीशिवाय चालते, अ‍ॅक्टिव्हच्या आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं, सूर घडवणारं छोटं सर्किट) असतो, एवढा फरक ठाऊक असला की पुरे. खरी गोची त्यापुढे आहे. बेसच्या पोटात प्रीअँप, पायाशी प्रीअँप पेडल आणि अँपवर पुन्हा इक्यू (खालचे, मधले, वरचे सूर कमी-जास्त करणारे नॉब). तिन्हीकडे लो, मिड, हाय. आवाज आवडला नाही की आपण तिन्हीकडे हात घालतो. मीही यात बराच काळ अडकलो होतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

घरी हळू आवाजात वाजवताना कानाला खालचे सूर कमीच ऐकू येतात. मग आपण बेसवरचा लो ६ डेसिबल चढवतो, पेडलवरचाही ६. डेसिबलची बेरीज होते, म्हणजे झाले १२. व्होल्टेज चौपट, पॉवर जवळपास सोळापट! मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास. अँपची ताकद तिथेच खर्ची पडते, ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलचा आवाज तार जोरात छेडल्यावर फाटतो आणि दोष जातो पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला). लोक बेस विकायला काढतात हो! वर बँडमध्ये किक ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) त्याच खालच्या सुरांत बसलेला, त्यामुळे घरी खिडक्या हलवणारा बेस तिथे गायब.

घाबरू नका, इलाज फुकट आहे. आधी इक्यूचे सगळे नॉब मधल्या खाचेवर आणा. (काही प्रीअँप फक्त वाढवतात, कापत नाहीत. तिथे शून्य म्हणजे नॉब पूर्ण खाली.) सगळ्यात जोरात वाजवून पेडलचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) ठरवा. मग एकाच ठिकाणी फिरवा, आणि आधी कापून बघा. बँडमध्ये बेस ऐकू येतो तो साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या मिडमुळे. एकट्याने वाजवताना हाच भाग कानाला खुपतो. पेडल चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही आवाजांची पातळी सारखी ठेवा, नाहीतर मोठा आवाज दर वेळी जिंकणार.

ऑनबोर्ड, म्हणजे बेसच्या आतल्या, प्रीअँपची बाजू मी घेतो. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून तो रुळला, ते उगीच नाही. गाणं चालू असताना हाताशी असतो आणि लांब केबलमध्ये हाय हरवू देत नाही. पॅसिव्ह बेस असेल तर हाय जपण्याचं काम जास्त इनपुट इम्पिडन्सच्या (पिकअपवर कमी भार टाकणाऱ्या) पहिल्या पेडलकडे द्या. ड्राइव्ह (मुद्दाम फाटका आवाज), ब्लेंड (त्यात मूळ आवाज मिसळणं), डीआय (थेट मिक्सरला जोडणी) हवं असेल तर मात्र पेडलच. शिवाय ते दुसऱ्या बेसलाही चालतं.

व्हिडिओतली सेटिंग उतरवून घेऊ नका. त्या वादकाच्या तारा, बोटं आणि स्पीकर तुमच्याकडे नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्हच घे’ असं तुमचं वाजवणं न ऐकताच सांगणाऱ्या गुरूलाही लांबूनच नमस्कार.

आणि वाजवून झालं की बेसमधून केबल काढा. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये जॅक खोचला की बॅटरी चालू होते. वरचेवर तशीच राहिली तर ती उतरते आणि ऐन कार्यक्रमात आवाज चिरकायला लागतो.