पाथ दुरुस्त करायला बसण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि बरीच मशीन विंडोज ११ वर गेली. अपग्रेडनंतर डेस्कटॉप कोरा दिसतो, डॉक्युमेंट्स रिकामं उघडतं, नाहीतर 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' अशी खिडकी येते. अशा वेळी फायली बहुधा डिस्कवरच असतात, फोल्डरचा पाथ, म्हणजे डिस्कवरचा पत्ता, तेवढा भलतीकडे वळलेला असतो. तेव्हा आधी फायली शोधा, पाथला हात नंतर लावा.

सुरुवातीला तुम्ही स्वतःच्याच प्रोफाइलमध्ये (खात्याच्या फायली आणि सेटिंग ठेवलेल्या जागेत) आहात ना, ते बघा. कोपऱ्यात 'टेम्पररी प्रोफाइल'चा निरोप आला असेल तर काहीही सेव्ह करू नका, कारण साइन आउट केलं की ते जातं. मशीन रीस्टार्ट करा. तरीही तोच निरोप आला तर दुखणं प्रोफाइलचं आहे, फोल्डरचे पाथ बदलून ते बरं होणार नाही.

मग सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात शिरा. तिथे तुमच्या नावाचं एक फोल्डर आहे की दोन? मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज बसवलं असेल तर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, त्यामुळे स्वतःचंच फोल्डर ओळखू येत नाही. ते नाव खटकलं म्हणून एक्सप्लोररमधून बदलायला मात्र जाऊ नका. खात्याचं दिसणारं नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाने राहतं आणि ते तसंच राहू द्यावं. नवं खातं काढताना नाव देवनागरीत देणाऱ्यांनीही जरा थांबावं, काही जुनी सॉफ्टवेअर असा पाथ वाचताना अडखळतात.

इथे फायली नसतील तर सी ड्राइव्हमधलं विंडोज.ओल्ड फोल्डर पाहा. फॉरमॅट न करता नव्याने विंडोज बसवलं असेल तर जुनं यूजर्स फोल्डर त्यातच असतं. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपोआप उडवतं, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका. डिस्क साफ करताना 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक करू नका.

डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर ठेवणाऱ्यांनी डिस्क मॅनेजमेंट (ड्राइव्हची अक्षरं दाखवणारी आणि बदलणारी विंडोजची सोय) उघडावं. कधी कधी डी चं ई झालेलं असतं. मग पाथ दुरुस्त करण्याची गरज नाही, अक्षर परत द्या.

सगळ्यात जास्त घोळ वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, घालतं. बॅकअप चालू असला की ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स उचलून स्वतःच्या फोल्डरात नेतं, आणि फुकटची जागा ५ जीबीच. फायलीवर ढगाचं चिन्ह असेल तर ती डिस्कवर नाही. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, हिरवी खूण येईपर्यंत थांबा आणि मगच वनड्राइव्हच्या सेटिंगमधून बॅकअप बंद करा. वनड्राइव्ह थेट अनइन्स्टॉल करून पाथ सुटत नाहीत, उलट लोंबकळत राहतात.

आता बाहेरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी घ्या. हा सल्ला उगाच नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये ज्यांनी फोल्डर दुसरीकडे वळवले होते, पण जुन्या जागी फायली राहिल्या होत्या, त्यांतल्या काहींच्या त्या फायली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला अपडेट थांबवावं लागलं आणि ते १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडलं.

यानंतर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला लोकेशन टॅब. 'रिस्टोर डिफॉल्ट' दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. फायली हलवू का, असं विचारलं की आधी दोन्ही पाथ वाचा. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स चुकून एकाच फोल्डरवर नेलेत, किंवा अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स करून टाकलात, तर हे बटण ऐकत नाही आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, जावं लागतं.

तिथे करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असं उतरत 'यूजर शेल फोल्डर्स' गाठा. आधी ती 'की' (रजिस्ट्रीतला नोंदींचा कप्पा) एक्सपोर्ट करून ठेवा. डॉक्युमेंट्सची नोंद 'पर्सनल' नावाने असते, डाउनलोड्सची महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्याने. नोंदीतला मूळ मजकूर म्हणजे टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये यूजरप्रोफाइल, पुढे बॅकस्लॅश आणि फोल्डरचं इंग्रजी नाव. शेजारची 'शेल फोल्डर्स' की सोडून द्या. ती वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टने तिच्यातच एका नोंदीत लिहून ठेवलंय!

साइन आउट करून परत या. नोटपॅडमधून एक फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करा आणि ती यूजर्समधल्या योग्य फोल्डरात पडली का ते पाहा. क्रोमची डाउनलोडची जागा, टॅलीचा डेटा पाथ आणि आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल या गोष्टी आपापला पाथ वेगळा लक्षात ठेवतात. त्या एकेक उघडून तपासा, आणि तोवर जुनं फोल्डर डिलीट करू नका.